जुन्या गाडीचा गिअर ढकलू नका, वेग जुळवा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरला की जुन्या मोटारींच्या रॅली सुरू होतात. वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रे येतात, रंगाचे आणि चकाकत्या बंपरचे कौतुक होते. या गाड्या चालवायच्या कशा, याबद्दल मात्र मराठीत फारसे छापून येत नाही. त्याचा परिणाम रॅली सुटतानाच ऐकू येतो. पहिला गिअर टाकताना 'कर्रर्र' असा आवाज होतो, बघणारे हसतात, आणि मालक म्हणतात, "जुनी गाडी आहे, आवाज यायचाच." गाडी धड असेल तर हा आवाज येत नाही. तो आला म्हणजे गिअरच्या दातांच्या कडा झडत आहेत असे समजावे. त्या दातांचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहोत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी गेल्या. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर दिवसभर, आवाज न करता टाकणारे चालक त्यांच्याबरोबर निवृत्त झाले. आज ज्यांच्या हाती या गाड्या आहेत त्यांतले बहुतेक जण आधी नवी गाडी शिकले आणि नंतर जुनीकडे वळले. नव्या गाडीची सवय जुन्या गिअरबॉक्सला घातक ठरते. गिअर 'कडक' असल्याची, 'अडकत' असल्याची तक्रार करत ते गॅरेजमध्ये येतात आणि पुष्कळदा गिअरबॉक्समध्ये दोष नसतोच.

आत काय चालते ते आधी पाहू. क्लचप्लेटमधून एक शाफ्ट गिअरबॉक्समध्ये शिरतो, तो इनपुट शाफ्ट. त्याच्यावरचे चक्र खालच्या लेशाफ्टला फिरवते. इंजिन चालू असताना क्लचच्या पेडलवरून पाय काढलेला असेल, तर गाडी उभी असली तरी हे दोन्ही फिरत असतात. तिसरा, म्हणजे मेनशाफ्ट, प्रोपेलर शाफ्टमार्गे मागच्या चाकांना जोडलेला. तो चाकांच्या वेगाच्या प्रमाणात फिरतो, न्यूट्रलमध्ये इंजिनाशी त्याला देणेघेणे नसते. गिअर टाकणे म्हणजे इंजिनाकडून फिरणारे दाते आणि चाकांकडून फिरणारे दाते एकमेकांत अडकवणे. दोघांचा वेग सारखा असेल तर ते लोण्यासारखे शिरतात. वेगात फरक असेल तर दात दातावर घासतो आणि तो आवाज येतो. हाताने जोर लावल्याने वेगातला हा फरक रतीभरही कमी होत नाही.

हा फरक मिटवण्याचे काम यंत्रानेच करावे म्हणून सिंक्रोमेश आले. १९२८ मध्ये कॅडिलॅकने ते प्रथम गाडीत बसवले. पितळी रिंग गिअरच्या शंकूवर दाबली जाते, घर्षणाने दोन्ही वेग एक होतात आणि मगच दाते जुळतात. पण पुढची कित्येक दशके बहुतेक कंपन्यांनी ही सोय फक्त वरच्या गिअरांना दिली. गाडी उभी असतानाच पहिला टाकायचा, मग त्याला खर्च कशाला, असा त्यामागचा हिशेब. फियाट ११०० मध्ये सिंक्रो दुसऱ्या गिअरपासून आहे. महिंद्राच्या जुन्या सीजे-३बी जीपमध्ये टी-९० हा तीन गिअरांचा बॉक्स असतो. त्यात दुसऱ्याला आणि तिसऱ्याला सिंक्रो आहे, पहिल्याला नाही. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्येही १९६७ पर्यंत पहिला गिअर बिनसिंक्रोचा होता. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक गाड्यांत कुठल्याच गिअरला सिंक्रो नसते. म्हणून हातातल्या गाडीत कोणत्या गिअरला सिंक्रो आहे, हे चालवायला बसण्याआधी माहीत असले पाहिजे. मॅन्युअलमध्ये ते लिहिलेले असते.

आता आकड्यांत बोलू, कारण 'थोडी रेस द्या' या सल्ल्याने कुणाचे भले होत नाही. टी-९० चे गिअर रेशो, म्हणजे मेनशाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे, असे आहेत: पहिला २.७९८, दुसरा १.५५१ आणि तिसरा १. डिफरन्शियल, म्हणजे मागच्या धुरीवरचा गिअरसंच, ५.३८ चा आणि टायर ६.००-१६ चे असतील, तर टॉपमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या गिअरमध्ये, इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असताना जीप साधारण ताशी ३७ किलोमीटरच्या वेगाने धावते. त्याच वेगाला दुसरा गिअर टाकायचा तर इंजिन सुमारे २,३०० फेऱ्यांवर आले पाहिजे. म्हणजे ८०० फेरे चालकाने आपल्या पायाने वाढवायचे. उलट दुसऱ्यात २,४०० फेऱ्यांवरून टॉप टाकायचा असेल तर इंजिन सुमारे १,५५० पर्यंत खाली यायला हवे. पहिल्याचे गणित जास्त बोलके आहे. ताशी १६ किलोमीटर वेगाला पहिला टाकायचा तर १,८०० फेरे लागतात. वेग ८ किलोमीटरवर आणला की ९०० फेरे पुरतात, म्हणजे आयडलपेक्षा (रेस न देता इंजिन चालते त्या वेगापेक्षा) थोडेच जास्त. चालत्या गाडीत पहिला टाकायची वेळ आलीच तर आधी माणसाच्या चालीच्या वेगाला या, असे जुने चालक सांगत, त्याचे कारण या आकड्यांत आहे. तुमच्या गाडीचे रेशो वेगळे असतील. मॅन्युअलमधून घ्या, दोन शेजारच्या गिअरांचा भागाकार करा आणि तो आकडा लक्षात ठेवा. त्याच पटीत फेरे वर न्यायचे किंवा खाली आणायचे.

हे फेरे जुळवण्याची रीत म्हणजे डबल क्लच. एसटीच्या आणि ट्रकच्या जुन्या चालकांना ती अंगवळणी पडलेली असे.

वरचा गिअर टाकताना ॲक्सिलरेटर सोडा, क्लच दाबा आणि गिअरचा दांडा न्यूट्रलला आणा. आता क्लच पूर्ण सोडा. इंजिन आणि लेशाफ्ट पुन्हा जोडले गेले, आणि पाय ॲक्सिलरेटरवर नसल्यामुळे इंजिनाबरोबर लेशाफ्टचाही वेग उतरू लागतो. तो पुरेसा उतरला की क्लच पुन्हा दाबा, वरचा गिअर टाका, क्लच सोडा. नव्या गाडीची सवय असलेला चालक इथे फार घाई करतो. जुन्या इंजिनांचे फ्लायव्हील जड असते, फेरे सावकाश उतरतात. मनात 'एक... दोन' म्हणण्याइतकी उसंत न्यूट्रलमध्ये द्यावीच लागते. किती, ते गाडीगणिक बदलते. सपाट रस्त्यावर दोन-चार वेळा केले की कानाला कळते. घाटात चढणीवर मात्र न्यूट्रलमध्ये असतानाच गाडीचा वेग पडतो. तिथे रेंगाळलात तर वरचा गिअर पडेल, पण इंजिन गुदमरेल. चढणीवर वरचा गिअर टाकायचा असेल तर आधी फेरे थोडे जास्त चढवून घ्यावेत.

खालचा गिअर हे खरे कसब आहे. क्लच दाबा, न्यूट्रलला आणा, क्लच पूर्ण सोडा. आता, क्लच सुटलेला असतानाच, ॲक्सिलरेटरला एक मोजका दाब देऊन फेरे हव्या त्या आकड्यापर्यंत चढवा. लगेच क्लच दाबा, खालचा गिअर टाका, क्लच सोडा. सर्वांत जास्त चुका रेस देण्याच्या क्षणी होतात. पुष्कळ जण क्लच दाबलेला ठेवूनच रेस देतात. इंजिन गर्जते, चालकाला वाटते डबल क्लच झाले, पण क्लच दाबलेला असल्याने इंजिन लेशाफ्टपासून तुटलेले असते आणि लेशाफ्टचा वेग जिथल्या तिथे राहतो. गिअर खडखडतोच. दुसरी चूक म्हणजे दांडा न्यूट्रलला पूर्ण न आणता क्लच सोडणे. गाडी हिसका देते. तिसरी, रेस देऊन झाल्यावर दांडा हलवायला वेळ लावणे. तोपर्यंत फेरे पुन्हा उतरलेले असतात. रेस आणि दांडा यांत उसंत नको.

एवढे करूनही दाते करकरले तर दांडा तिथेच दाबून धरू नका. न्यूट्रलला परत या, क्लच सोडा, पुन्हा रेस द्या, पुन्हा टाका. पहिल्या करकरीला हात मागे घेतला तर दातांच्या कडा फारशा दुखावत नाहीत. त्या आवाजातूनच रेटून गिअर घातला तर पोलादाचे कण तेलात जातात आणि तेलाबरोबर बेअरिंगमध्ये फिरतात.

सिंक्रो असलेल्या गिअरांनाही, विशेषतः दुसऱ्याला, डबल क्लच करावे असे आम्ही आग्रहाने सांगतो. दुसऱ्याची पितळी रिंग बहुधा सर्वांत आधी झिजते, कारण शहरात तिसऱ्यातून दुसऱ्यात वारंवार यावे लागते आणि वेगातला फरकही मोठा असतो. रेस देऊन फेरे आधीच जुळवले की रिंगेला करायला काम उरत नाही. जमले की नाही हे क्लच सोडताना शरीराला कळते. गाडी पुढे उसळली तर रेस जास्त झाली. नाक खाली दाबून गाडी अडखळली तर कमी पडली. काहीच जाणवले नाही तर बरोबर.

उभ्या गाडीत पहिला टाकतानाही आवाज येतो, त्याचे कारण वेगळे. मेनशाफ्ट थांबलेला असतो आणि क्लच दाबल्यावरही लेशाफ्ट आपल्या गतीने क्षणभर फिरत राहतो. त्याला थांबायला दोन-तीन सेकंद द्या. घाई असेल तर दांडा आधी दुसऱ्या गिअरला नुसता टेकवा. त्याचा सिंक्रो लेशाफ्टला थांबवतो. मग पहिला टाका, आवाज होत नाही. रिव्हर्सलाही हीच युक्ती, कारण बहुतेक जुन्या बॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो नसते. कधी कधी दातासमोर दात येतो आणि गिअर शिरतच नाही. तेव्हा न्यूट्रलला येऊन क्लच किंचित सोडावा, पुन्हा दाबावा, दाते सरकतात. चोक ओढलेला असताना आयडल १,००० च्या वर असेल तर पहिला करकरणारच. इंजिन गरम होऊन आयडल उतरेपर्यंत थांबा.

हे सर्व नीट करूनही आवाज येत असेल तर चालकाला दोष देऊ नये. गिअरबॉक्सलाही लगेच देऊ नये. बहुतेक वेळा दोष क्लचमध्ये असतो. तपासायची रीत साधी आहे. पुढे-मागे मोकळी जागा बघून इंजिन आयडलवर ठेवा, क्लच तळापर्यंत दाबा, मनात दहा मोजा आणि हलकेच रिव्हर्स टाका. दहा मोजेपर्यंत लेशाफ्ट थांबलाच पाहिजे. तरीही रिव्हर्स करकरला तर पेडल दाबूनही क्लच इंजिनापासून पूर्ण सुटत नाही, तो ओढतो आहे.

कारणे सोप्यापासून अवघडाकडे तपासा. पेडलचा मोकळा खेळ आधी. तो बऱ्याच गाड्यांत सुमारे २५ मिलिमीटर असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. खेळ फार वाढला असेल तर क्लच पुरता सुटत नाही. फार कमी असेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) सतत टेकून राहते आणि प्लेट घसरते. मग लिंकेजच्या, म्हणजे पेडलला क्लचशी जोडणाऱ्या सळयांच्या, पिना आणि बुश पाहा. प्रत्येक पिनेत एक-एक मिलिमीटर झीज असली तरी पेडलपासून फोर्कपर्यंत बरीच हालचाल वाया जाते. हायड्रॉलिक क्लच असेल तर त्यात हवा आहे का, स्लेव्ह सिलिंडर गळतो का, ते बघा. याच्या पुढचे दोष गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय कळत नाहीत: वाकलेली क्लचप्लेट, स्प्लाइनवरचा (प्लेट ज्या खाचांवर सरकते त्यांवरचा) गंज, प्लेटवर आलेले तेल, आणि पायलट बुश. हा शेवटचा दोष पुष्कळ मेकॅनिकांच्या लक्षात येत नाही. इनपुट शाफ्टचे पुढचे टोक क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकातल्या छोट्या कांशाच्या बुशमध्ये फिरते. हा बुश सुकून शाफ्टला धरला तर क्लच कितीही दाबा, इंजिन शाफ्टला फिरवतच राहते. क्लचप्लेट नवी, प्रेशर प्लेट नवी, तरी गिअर करकरतोच. वस्तू अगदी लहान, पण ती बदलायला गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. म्हणून क्लचचे काम निघाले की पायलट बुश त्याच वेळी बदलून घ्या, बरा दिसत असला तरी.

कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीची क्लचप्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटते. सप्टेंबरअखेर गाडी काढली की कुठलाच गिअर पडत नाही. चार महिने गाडी हलणार नसेल तर क्लचचे पेडल लाकडी दांड्याने दाबून ठेवा. दांड्याचे दुसरे टोक सीटच्या चौकटीला अडकवता येते. मध्ये मध्ये गाडी सुरू करून क्लच दहा-वीस वेळा दाबला तरी फरक पडतो. चिकटलेली प्लेट झटका देऊन सोडवण्याचे उपाय रस्त्यावर करू नयेत, ती गाडी मेकॅनिकच्या हातीच द्यावी.

तेलाबाबत गोंधळ फार आहे आणि त्यात नुकसान मोठे होते. दुकानात 'गिअर ऑइल' मागितले की आज बहुधा जीएल-५ दर्जाचे मिळते. ते डिफरन्शियलच्या हायपॉइड, म्हणजे एकमेकांवर घासत फिरणाऱ्या तिरप्या दातांच्या, गिअरांसाठी आहे. त्यातली गंधक-फॉस्फरसची मिश्रणे जीएल-४ पेक्षा बरीच जास्त असतात. जुन्या बॉक्समधल्या पितळी रिंगांना ती बाधू शकतात. शिवाय तेल इतके निसरडे असले की रिंगेला शंकूवर पकड मिळत नाही आणि सिंक्रो असून नसल्यासारखे होते. गिअरबॉक्सला जीएल-४ च घाला. दाटपणा मॅन्युअल सांगेल तो. जीपच्या टी-९० ला एसएई ९० चालते. उलट एमजीबी आणि मॉरिस मायनर यांच्या गिअरबॉक्समध्ये इंजिन ऑइलच घालायचे असते. त्यांत ९० चे जाड तेल भरले तर सकाळी थंड गाडीत गिअर अक्षरशः हलत नाही, आणि मालक समजतो बॉक्स गेला.

पातळी बघताना गाडी सपाट जमिनीवर हवी. फिलर होलमधून तेल ओघळू लागले की भरणे थांबवा. 'थोडे जास्त असू दे' म्हणून भरलेले तेल पुढच्या बाजूने क्लचप्लेटवर जाते. त्या काळच्या अनेक बॉक्समध्ये पुढच्या टोकाला धड ऑइल सील नसते, तेल परत फेकणारी चकती किंवा आटे असतात. जीपमध्ये गिअरबॉक्सचे तेल झिजलेल्या सीलमधून ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीत) उतरते, म्हणून दोन्हीकडची पातळी एकाच वेळी तपासा. तेल बदलताना गाडी फिरवून आणा, गरम तेल पूर्ण निथळते. निघालेले तेल पांढऱ्या फडक्यावर पाहा. करडी, बोटांना मऊ लागणारी भुकटी नेहमीची. पिवळी चमक दिसली तर सिंक्रो रिंगा झिजत आहेत. बोटांना टोचणारे पोलादी तुकडे आले तर ती गाडी तशीच रॅलीला नेऊ नका, बॉक्स उघडा.

स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेल्या गाड्यांबद्दल थोडे वेगळे सांगावे लागते, कारण ॲम्बॅसेडर आणि पद्मिनी आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. या गिअरला दोन हालचाली असतात. गिअरचा दांडा स्वतःकडे ओढणे किंवा पलीकडे ढकलणे, याने गिअरांची जोडी निवडली जाते. वर-खाली करण्याने त्या जोडीतला गिअर पडतो. न्यूट्रलमध्ये दांड्याला स्प्रिंगने मूळ जागी येऊ द्या, मग पुढची हालचाल करा. तिरका ओढून वाट कापली की खालच्या सळया अर्धवट सरकतात. मधले रबरी किंवा नायलॉनचे बुश झिजले की दांडा ढिला होतो आणि कधी गिअर निवडणाऱ्या दोन भुजा एकमेकींत अडकून गिअर लॉक होतो. तेव्हा आत बसून दांडा रेटू नका. इंजिन बंद करा, चाकांना अटकाव लावा, बॉनेट उघडा आणि दोन्ही भुजा हाताने न्यूट्रलला, एका रेषेत आणा. बुशचा संच बदलून सळयांची लांबी जुळवून घेतली की जुनी फियाटसुद्धा दोन बोटांनी गिअर घेते. असे असताना केवळ या ढिलेपणामुळे गिअर खाली फ्लोअरवर आणून घेणारे मालक पाहिले की वाईट वाटते.

चालता गिअर आपोआप निसटणे, म्हणजे गिअर उडणे, हाही नेहमीचा दोष आहे. टी-९० मध्ये तो दुसऱ्या गिअरला होतो. बहुधा ॲक्सिलरेटर सोडल्यावर, उतारावर. रोखून धरणारी गोळी आणि स्प्रिंग बसकी झाली असेल, दातांच्या कडा तिरप्या झिजल्या असतील, शाफ्टला पुढे-मागे खेळ आला असेल किंवा गिअरबॉक्सचे बोल्ट ढिले असतील. बोल्ट आणि स्प्रिंग आधी पाहा, ती कामे बॉक्स न उतरवता होतात. दांडा हाताने धरून ठेवणे हा उपाय नव्हे. गिअर फिरत असताना दांड्यावर दिलेला दाब शिफ्टिंग फोर्कवर जातो आणि फोर्क फिरत्या स्लीव्हच्या खाचेत घासून पातळ होतो. एरवीही गिअर पडल्यावर हात स्टिअरिंगवर परत न्यावा. तीच गोष्ट क्लचवर टेकवलेल्या पायाची. एमजीबीसारख्या गाड्यांत रिलीज बेअरिंगऐवजी कार्बनची कडी असते. सिग्नलला पहिला टाकून क्लच दाबून बसलात तर ती झपाट्याने झिजते. न्यूट्रल करा, पाय काढा, हिरवा होण्याच्या बेतात दुसऱ्याला टेकवून पहिला घ्या.

घाट उतरणे हा जिवाशी संबंधित भाग आहे. बोरघाट असो वा आंबोली, उतार सुरू होण्याआधी, सपाटीवरच, खालचा गिअर टाकून घ्यावा. उतारावर न्यूट्रलमध्ये गेल्यावर गाडी क्षणोक्षणी वेग घेते, म्हणजे खालच्या गिअरसाठी लागणारे फेरेही क्षणोक्षणी वाढतात. नवख्याचा गिअर तिथे हमखास हुकतो आणि गाडी न्यूट्रलमध्येच सुटते. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली जड गाडी अशी सुटली की सततच्या दाबाने ड्रम तापतात आणि ब्रेक धरेनासे होतात. गिअर हुकलाच तर आधी ब्रेक जोरात लावून गाडी मंद करा, फेऱ्यांचे गणित सोपे करा आणि मग टाका. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर उतरण्याची जुनी सवय कुणाला असेल तर ती सोडावी.

शिकायला काय करावे? इंजिन बंद ठेवून दांड्याच्या जागा डोळे मिटून सापडेपर्यंत हात फिरवा. मग मोकळ्या मैदानावर, गाडी न हलवता, न्यूट्रलमध्ये रेस देऊन १,५००, २,००० आणि २,५०० फेरे कानाने ओळखायला शिका. ज्या गाडीत टॅकोमीटर नाही, आणि बहुतेक जुन्या गाड्यांत नसतोच, तिथे कान हेच साधन. मैदानावर आधी टॉपमधून तिसऱ्यात, किंवा जीपमध्ये टॉपमधून दुसऱ्यात, ताशी ३० किलोमीटरच्या आत सराव करा. चालत्या गाडीत पहिला टाकणे सर्वांत शेवटी. दुसऱ्याची गाडी चालवायला घेताना पेडल आधी बघा. युद्धापूर्वीच्या काही गाड्यांत ॲक्सिलरेटर मधोमध आणि ब्रेक उजवीकडे असतो. तिथे घाबरून मारलेला ब्रेक ॲक्सिलरेटर ठरतो.

एका गोष्टीबद्दल मात्र आम्हाला काळजी वाटते. गिअर जमत नाही म्हणून जुन्या गाडीत नव्या गाडीचा पाच गिअरांचा बॉक्स घालून देण्याची लाट आली आहे. त्यासाठी पुष्कळदा क्रॉस मेंबर, म्हणजे चासिसची आडवी पट्टी, कापावी लागते, फ्लोअरला नवे भोक पडते, प्रोपेलर शाफ्ट लहान-मोठा करावा लागतो. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. नोंदणीची फी २०,००० रुपये, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. गाडी मूळ स्वरूपात असावी, चासिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा, अशी त्यात अट आहे. कापलेली क्रॉस मेंबर हा चासिसमधला फेरफार आहे. पहिल्या पद्मिनी आता पन्नाशी ओलांडत आहेत. त्यांचे मालक काही हजारांच्या बुश, रिंगा आणि तेलाच्या कामाऐवजी कापाकापी करून घेणार असतील, तर गॅरेजवाल्याने त्यांना ही अट आधी सांगितली पाहिजे. काढलेला मूळ बॉक्स भंगारात देणे तर अजिबात नको. त्यातल्या चांगल्या चक्रांवर दुसरी एखादी गाडी उभी राहू शकते.

रॅलीच्या आयोजकांना दोन विनंत्या आहेत. सहभागी गाडीच्या तपासणीत टायर-दिव्यांबरोबर क्लचची वर सांगितलेली रिव्हर्सची चाचणी घ्या. दोन मिनिटांत होते. आणि रॅलीच्या आदल्या दिवशी नव्या चालकांसाठी मैदानावर तासभर डबल क्लचचा सराव ठेवा. निवृत्त टॅक्सी आणि एसटी चालकांपैकी जे अजून हिंडते-फिरते आहेत, त्यांना शिकवायला बोलवा, योग्य मानधन द्या. जुन्या गाड्या विकणाऱ्यांनीही व्यवहाराबरोबर एक कागद द्यावा: कोणत्या गिअरला सिंक्रो आहे, कोणते तेल किती, पेडलचा खेळ किती, क्लच आणि पायलट बुश शेवटचे कधी बदलले. एवढा कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात असला तर पुढच्या मालकाला आणि पुढच्या मेकॅनिकला अंदाजाने काम करावे लागणार नाही.

आपले,
जुन्या मोटारींची दुरुस्ती व देखभाल करणारे काही मेकॅनिक आणि मालक,
पुणे